ब्रिटिश अठरावी डिव्हिजन (१९३९–१९४५) : अर्धवेळ सैनिकांच्या एका सैन्यरचनेचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरजवळील बुकित तिमाह येथे, फोर्ड मोटार कंपनीच्या कारखान्यात, जनरल पर्सिव्हल यांनी जपानी सेनापती यामाशिता यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्या दिवसांत जपानच्या हाती पडलेल्या ऐंशी हजारांहून अधिक ब्रिटिश, हिंदी व ऑस्ट्रेलियन सैनिकांत ब्रिटनच्या प्रादेशिक सेनेची एक संपूर्ण पायदळ डिव्हिजन होती. तिचा क्रमांक अठरा. दुसऱ्या महायुद्धाच्या सर्वसाधारण इतिहासग्रंथांत या डिव्हिजनच्या वाट्याला बहुधा एखादे वाक्यच येते : ती उशिरा पोचली, थोडे दिवस लढली आणि कैद झाली.

या एका वाक्यात एक निर्णयही दडलेला असतो. आठवड्यातून एखादी संध्याकाळ कवायत करणारे कारकून, दुकानदार आणि शेतमजूर यांची ही सेना होती. कसलेल्या जपानी सैन्यापुढे ती टिकणार कशी, असे वाचकाच्या मनात सहज येते. हा निर्णय पुराव्यावर कितपत उभा राहतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पर्सिव्हल यांचे १९४८ मध्ये ‘लंडन गॅझेट’मधून प्रसिद्ध झालेले निवेदन, १९५७ चा कर्बी-संपादित अधिकृत इतिहास आणि पलटणींचे स्वतंत्र वृत्तांत यांतून दिसणारी घटनाक्रमाची रूपरेषा एकत्र मांडली असता निराळाच निष्कर्ष पुढे येतो. अठरावी डिव्हिजन या नावाची सैन्यरचना इंग्लंडात घडविली गेली. परंतु ती डिव्हिजन म्हणून वापरलीच गेली नाही. तेव्हा तिच्या पराभवावरून अर्धवेळ सैनिकाच्या लायकीविषयी अनुमान काढणे हे तर्कदृष्ट्या सदोष आहे.

२. प्रादेशिक सेनेची घडण

ब्रिटनमधील स्वयंसेवक दलांना एका सूत्रात आणण्याचे काम युद्धमंत्री हॉल्डेन यांनी १९०७ च्या कायद्याने केले आणि १ एप्रिल १९०८ पासून ‘टेरिटोरियल फोर्स’ अस्तित्वात आली. चौदा पायदळ डिव्हिजनी आणि चौदा घोडदळ ब्रिगेडी, अशी तिची मूळ रचना होती. शिपाई आपला नेहमीचा धंदा सांभाळून गावच्या कवायतगृहात शिक्षण घेई आणि वर्षातून साधारण दोन आठवडे छावणीत राही. व्यवस्था पाहण्यासाठी प्रत्येक काउंटीत एक मंडळ असे. या पद्धतीमुळे पलटण म्हणजे काउंटी आणि कंपनी म्हणजे गाव, असे समीकरण झाले. एकाच कारखान्यातले, एकाच चर्चचे, एकाच शाळेत शिकलेले लोक शेजारी शेजारी उभे राहत. शिस्तीचा पाया हुकमापेक्षा ओळखीवर अधिक असे.

या ओळखीची दुसरी बाजूही पहिल्या महायुद्धातच दिसून आली. १२ ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या सुव्हला आघाडीवर नॉरफॉक रेजिमेंटच्या पाचव्या प्रादेशिक पलटणीची मोठी हानी झाली. तीत सँडरिंगहॅमच्या राजवाड्यातील नोकरचाकरांची कंपनी होती. एकाच दुपारी एका छोट्या मुलखातील अनेक घरांवर आघात झाला. गाव ज्या बंधाने बळकट होते, त्याच बंधाने ते एका तडाख्यात रिकामेही होऊ शकते, हे तेव्हाच कळून चुकले होते.

पहिल्या महायुद्धानंतर या दलाची ‘टेरिटोरियल आर्मी’ म्हणून पुनर्रचना झाली, पण पैसा, शस्त्रे आणि सरकारचे लक्ष या तिन्ही बाबतींत ते वंचित राहिले. मार्च १९३९ मध्ये हिटलरने प्राग व्यापल्यावर ब्रिटिश सरकारने प्रादेशिक सेना एकदम दुप्पट करण्याचे जाहीर केले. प्रत्येक जुन्या तुकडीने आपल्यातून एक जोडतुकडी निर्माण करावी, असा हुकूम सुटला. पूर्व इंग्लंडची जुनी प्रादेशिक डिव्हिजन चोपन्नावी. तिच्यातून निघालेली जोडरचना म्हणजे अठरावी डिव्हिजन. ३० सप्टेंबर १९३९ पासून तिचा कारभार स्वतंत्रपणे चालू झाला. माणसे वाढविणे सोपे होते. कवायत शिकविणारे हवालदार, तोफा आणि वाहने मात्र हुकमाने दुप्पट होत नव्हती. जे होते तेच दोघांत वाटून घ्यावे लागले.

३. रचना व तयारी

डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेडी होत्या. त्रेपन्नाव्या ब्रिगेडमध्ये रॉयल नॉरफॉकच्या पाचव्या व सहाव्या आणि केंब्रिजशायर रेजिमेंटची दुसरी पलटण. चोपन्नाव्या ब्रिगेडमध्ये नॉरफॉकची चौथी आणि सफोकच्या चौथ्या व पाचव्या पलटणी. पंचावन्नाव्या ब्रिगेडमध्ये केंब्रिजशायरची पहिली, बेडफर्डशायर-हार्टफर्डशायरची पाचवी आणि शेरवुड फॉरेस्टर्सची एक पलटण. म्हणजे नऊ पलटणींपैकी सात पलटणी नॉरफॉक, सफोक व केंब्रिजशायर या एकमेकींना लागून असलेल्या तीन काउंट्यांच्या होत्या. हा सखल शेतीचा आणि पाणथळ जमिनींचा प्रदेश. डिव्हिजनचे चिन्हही त्या प्रदेशाला शोभेसे, पवनचक्कीच्या पात्यांचे होते. पुढील हकीगत वाचताना हे भौगोलिक केंद्रीकरण ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात, फ्रान्स पडल्यानंतर, ही डिव्हिजन नॉरफॉकच्या किनाऱ्यावर जर्मन आक्रमणाची वाट पाहत होती. जुलै १९४० मध्ये मेजर जनरल बेकविथ-स्मिथ यांनी तिचे आधिपत्य स्वीकारले. हे नियमित सेनेतील अधिकारी असून डंकर्कच्या माघारीत त्यांनी पहिल्या गार्ड्स ब्रिगेडचे नेतृत्व केले होते. पुढे स्कॉटलंड व वायव्य इंग्लंड येथे डिव्हिजनच्या कवायती झाल्या. स्वयंसेवकांच्या जागी व त्यांच्या जोडीला सक्तीच्या भरतीतील माणसे येत गेली.

येथे प्रचलित समजुतीतील पहिली दुरुस्ती करावी लागते. १९४१ च्या शरद ऋतूत हे सैनिक अर्धवेळ राहिलेले नव्हते. दोन वर्षे ते पूर्णवेळ गणवेशात होते. त्यांच्यात उणीव होती ती प्रत्यक्ष युद्धाच्या अनुभवाची आणि विशेषतः ज्या भूमीवर त्यांना लढावे लागणार होते तिच्या ज्ञानाची. ‘अर्धवेळ’ हे त्यांच्या उगमाचे वर्णन आहे, त्यांच्या १९४२ मधील अवस्थेचे नव्हे.

४. अकरा आठवड्यांचा प्रवास

ऑक्टोबर १९४१ च्या अखेरीस डिव्हिजनने इंग्लंड सोडले. अटलांटिक ओलांडून ती कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात आली आणि तेथे अमेरिकन आरमाराच्या सहा वाहतूक जहाजांवर चढली. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती; तरीही सुमारे वीस हजार ब्रिटिश सैनिक तिच्या जहाजांतून निघाले. मुक्काम ठरला होता मध्यपूर्वेचा आणि मनाची व सामानाची तयारी होती ती वाळवंटातील लढाईची. १० नोव्हेंबरला निघालेला तांडा ९ डिसेंबरला केप टाउनला पोचला, तेव्हा पर्ल हार्बरवरील हल्ल्याला दोन दिवस होऊन गेले होते आणि मलायाच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरले होते. जहाजे समुद्रात असतानाच त्यांच्या प्रवासाचा अर्थ बदलला.

येथूनच डिव्हिजनचे तुकडे पडू लागले. त्रेपन्नावी ब्रिगेड घेऊन निघालेले ‘माउंट व्हर्नन’ मोंबासामार्गे थेट सिंगापूरकडे वळविण्यात आले. उरलेली जहाजे २७ डिसेंबर १९४१ रोजी मुंबईस लागली आणि मुख्य भाग अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) छावणीत गेला. महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध येतो तो या सुमारे तीन आठवड्यांपुरता. पण तो अर्थपूर्ण आहे. दोन महिने जहाजावर आखडलेली शरीरे मोकळी करण्यास नगरची थंडीच्या दिवसांतील कोरडी हवा उत्तम होती. युद्धशिक्षणाच्या दृष्टीने मात्र तो उघडा, विरळ झाडीचा, दूरवर नजर पोचणारा माळ म्हणजे मलायाच्या रबराच्या मळ्यांचे आणि खारफुटीच्या दलदलीचे नेमके उलटे रूप होते. वाळवंटासाठी निघालेल्या सैन्याला अरण्यात पाठविण्यापूर्वी दख्खनच्या पठारावर संचलन करविले गेले. यात कोणा एकाची चूक शोधण्यापेक्षा, युद्धाचा वेग आणि साम्राज्याचा विस्तार यांचा मेळ बसेनासा झाला होता, असे म्हणणे योग्य होईल.

मुख्य भागाची जहाजे २३ जानेवारी १९४२ रोजी मुंबईहून निघाली. त्याच सुमारास लंडनमध्ये एक गंभीर विचार चालू होता. सिंगापूरच्या उत्तर किनाऱ्यावर कायमची संरक्षक बांधणी नाही, हे सर्वोच्च सेनापती वेव्हेल यांच्याकडून कळल्यावर चर्चिल यांना धक्का बसला होता आणि येणारी कुमक ब्रह्मदेशाच्या बचावासाठी रंगूनकडे वळवावी की काय, हा प्रश्न त्यांनी आपल्या सेनाप्रमुखांपुढे ठेवला होता. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान कर्टिन यांना हे कळताच त्यांनी, सिंगापूर सोडणे म्हणजे अक्षम्य विश्वासघात होईल, अशा आशयाची तार धाडली. कुमक सिंगापूरलाच गेली. म्हणजे डिव्हिजन तेथे पोचली ती केवळ लष्करी हिशेबाने नव्हे. मित्रराष्ट्राला दिलेल्या शब्दाची किंमत म्हणूनही ती खर्ची पडली.

५. जोहोर : पहिली ब्रिगेड

त्रेपन्नावी ब्रिगेड १३ जानेवारी १९४२ रोजी मुसळधार पावसात सिंगापूरला उतरली. सुमारे अकरा आठवडे तिने जहाजावर काढले होते. तिच्या तोफा व वाहने तिच्याबरोबर नव्हती. अशा ब्रिगेडला विश्रांतीची व हवामानाची सवय होण्याची आवश्यकता आहे, हे पर्सिव्हल जाणत होते. पण मुआर नदीवरील फळी कोसळत होती आणि हाताशी दुसरे सैन्य नव्हते. काही दिवसांतच ब्रिगेडियर ड्यूक यांच्या या तीन पलटणी जोहोरच्या पश्चिम भागात एकमेकींपासून दूर, निरनिराळ्या जागी नेमण्यात आल्या : नॉरफॉकची सहावी बुकित पेलांडोकच्या खिंडीत, केंब्रिजशायरची दुसरी बातू पहात येथे आणि नॉरफॉकची पाचवी आयर हितामकडे. ब्रिगेड नावाला एक राहिली.

१९ जानेवारीला जपानच्या शाही रक्षक डिव्हिजनच्या सैनिकांनी बुकित पेलांडोकची खिंड घेतली. ती परत घेण्याचा प्रयत्न फसला. परित सुलोंगच्या पुलावर ठेवलेली नॉरफॉकची छोटी तुकडीही मागच्यांशी संपर्क तुटल्यावर जागा सोडून गेली. याचा परिणाम भयंकर झाला. पुढे बक्री येथे लढणारी पंचेचाळिसावी हिंदी ब्रिगेड आणि दोन ऑस्ट्रेलियन पलटणी यांचा परतीचा मार्ग बंद झाला. त्यांतील जेमतेम काही शेकडा लोक रानावनातून सुटून आले. मागे ठेवाव्या लागलेल्या सुमारे दीडशे जखमींची जपान्यांनी परित सुलोंग येथे कत्तल केली. अठराव्या डिव्हिजनविषयीच्या प्रतिकूल मताचा मुख्य आधार हीच घटना आहे आणि ती दडविण्याचे कारण नाही.

मात्र तिच्या शेजारी आणखी एक वस्तुस्थिती ठेवली पाहिजे. पंचेचाळिसावी हिंदी ब्रिगेड प्रादेशिक सेनेची नव्हती. राजपुताना रायफल्स, जाट आणि गढवाल रायफल्स या नामांकित रेजिमेंटांच्या पलटणी तीत होत्या. पण युद्धकाळातील झपाट्याच्या वाढीमुळे तिच्यातील बरेच शिपाई अगदी कोवळे होते आणि त्यांचीही तयारी मध्यपूर्वेसाठी झालेली होती. मुआरवर त्या ब्रिगेडचीही धूळधाण झाली. नियमित सेनेच्या परंपरेतील हिंदी पलटणी व इंग्लंडच्या प्रादेशिक पलटणी या दोहोंची एकाच आठवड्यात, एकाच रस्त्यावर एकसारखी गत व्हावी, यावरून कारण सैनिकाच्या उगमात नसून त्याच्या उपयोगाच्या पद्धतीत शोधावे लागते.

बातू पहात येथे केंब्रिजशायरच्या दुसऱ्या पलटणीने काही दिवस चांगला टिकाव धरला. २५ जानेवारीच्या रात्री माघारीचा हुकूम आला. सेंगारांगजवळ रस्ता अडविलेला आढळला, तेव्हा तोफा व वाहने निकामी करून जखमींना मागे ठेवण्यात आले. पलटणीचे धर्मोपदेशक नोएल डकवर्थ त्या जखमींबरोबर स्वखुशीने राहिले. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी दलदलीतून किनारा गाठला आणि दोन हजारांवर लोकांना आरमाराच्या लहान नौकांनी अनेक रात्री खेपा करून उचलून नेले. ज्या पलटणीला धड दोन आठवडेही त्या भूमीवर झाले नव्हते, तिच्याकडून घडलेली ही गोष्ट कमी लेखण्याजोगी नाही.

६. सिंगापूर : विखुरलेली डिव्हिजन

डिव्हिजनचा मुख्य भाग २९ जानेवारीला सिंगापूरच्या धक्क्यावर उतरला. ३१ जानेवारीला शेवटचे सैन्य जोहोरमधून बेटावर आले आणि मधला बांध सुरुंगाने उडविण्यात आला. म्हणजे ही कुमक पोचली तेव्हा मलायाची मुख्य भूमी गेल्यातच जमा होती. ५ फेब्रुवारीला ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ हे जहाज बंदराजवळ बाँबहल्ल्यात पेटले. माणसे बहुतेक वाचली. पण रणगाडाविरोधी रेजिमेंटच्या तोफा आणि टेहळणी पलटणीची सामग्री समुद्रात गेली. त्यानंतर हे तोफखान्याचे लोक बंदुका घेऊन पायदळ म्हणून लढले.

बचावाच्या आराखड्याबाबत वेव्हेल व पर्सिव्हल यांच्यात मतभेद होता. शत्रू वायव्येकडून येईल, सबब ताजी अठरावी डिव्हिजन तेथे ठेवावी, असे वेव्हेल यांचे मत होते. पर्सिव्हल यांना ईशान्येकडील हल्ल्याची शक्यता अधिक वाटली आणि त्यांनी डिव्हिजन तिकडे नेमली. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी उतरले ते वायव्येलाच. उतरणाऱ्यांत जपानची अठरावी डिव्हिजन होती, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे.

यानंतर ब्रिटिश अठराव्या डिव्हिजनचे जे झाले त्याला विघटन हाच शब्द शोभतो. नॉरफॉकची चौथी, शेरवुड फॉरेस्टर्स आणि टेहळणी पलटण यांची मिळून कर्नल टॉमस यांच्या हाताखाली एक तात्पुरती फौज उभारून तिला ११ फेब्रुवारीला बुकित तिमाह परत घेण्यास पाठविले. प्रतिहल्ला अपयशी ठरला. ब्रिगेडियर मॅसी-बेरेसफर्ड यांच्या नावाची दुसरी फौज जलाशयांच्या बाजूस गेली. तिसरी ब्रिगेड आरंभी अकराव्या हिंदी डिव्हिजनच्या हुकमतीखाली होती. बेकविथ-स्मिथ यांच्या पलटणी एकेक करून काढून घेतल्या जात होत्या. शेवटच्या दिवसांत संरक्षणाचा परीघ आकसल्यामुळे ब्रिगेडी पुन्हा शेजारी आल्या, पण तोवर पाणीपुरवठा धोक्यात आला होता आणि निकाल लागून चुकला होता.

डिव्हिजन म्हणजे नऊ पलटणींची बेरीज नव्हे. पायदळ, तोफखाना, सफरमैना, संदेशवहन आणि पुरवठा यांनी एकमेकांची गरज ओळखून, एका सेनापतीच्या मनाने चालणारी ती एक यंत्रणा असते. दोन वर्षे इंग्लंडात जी यंत्रणा जुळविली, तिचा एकही पूर्ण दिवस त्या स्वरूपात उपयोग झाला नाही. जेथे एखादी पलटण आपल्या जागी स्थिर राहू शकली, तेथे चित्र वेगळे दिसते. केंब्रिजशायरच्या पहिल्या पलटणीने अॅडम रोडवरील बंगल्यांच्या वसाहतीत १२ फेब्रुवारीपासून शरणागतीपर्यंत आपली जागा धरून ठेवली. या शतकात त्या परिसरात झालेल्या पुरातत्त्वीय शोधकार्यात मिळालेली काडतुसे व लष्करी अवशेष यांनी त्या झुंजीला वस्तुरूप पुरावाही जोडला आहे. पलटण तीच, माणसे त्याच काउंटीची. फरक एवढाच की येथे त्यांना शेजारी कोण आहे हे माहीत होते.

७. बंदिवास

शरणागतीनंतर डिव्हिजन चांगी येथील बंदिवासात गेली आणि येथे इतिहासाने एक विचित्र चित्र दाखविले. रणांगणावर जी एकत्र आली नाही, ती डिव्हिजन तुरुंगात एकत्र आली. आरंभीच्या महिन्यांत कैद्यांची अंतर्गत व्यवस्था त्यांच्या मूळ लष्करी रचनेप्रमाणे चालू होती. पण ऑगस्ट १९४२ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांना वेगळे काढून नेण्यात आले. बेकविथ-स्मिथ ११ नोव्हेंबर १९४२ रोजी फोर्मोसात घटसर्पाने वारले. त्यापूर्वीच, जून १९४२ पासून, कैद्यांच्या टोळ्या सयाम व ब्रह्मदेश यांना जोडणाऱ्या लोहमार्गाच्या कामावर जाऊ लागल्या होत्या.

सुमारे ४१५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्ण झाला. त्यावर राबलेल्या साठ हजारांहून अधिक युद्धकैद्यांपैकी बारा हजारांवर मृत्यू पावले. एप्रिल १९४३ मध्ये पाठविलेल्या ‘एफ’ नावाच्या सात हजारांच्या टोळीतील तीन हजारांवर माणसे पटकी, आमांश व उपासमार यांनी गेली आणि त्यांत ब्रिटिशांचे प्रमाण मोठे होते. सेंगारांगचे डकवर्थ याच टोळीबरोबर होते. डिव्हिजनच्या सफरमैना कंपनीतील रोनाल्ड सर्ल या केंब्रिजच्या तरुणाने जीव धोक्यात घालून या दिवसांची चित्रे काढून लपविली. युद्धापूर्वी प्रादेशिक सेनेत भरती झालेल्या या शिपायाची ती चित्रे आज इतिहासाची अस्सल साधने म्हणून जतन केलेली आहेत.

याच लोहमार्गावर मलायाच्या मळ्यांतील तमिळ मजूर, तसेच ब्रह्मी, मलयी व जावानी मजूर फार मोठ्या संख्येने मेले. त्यांच्या मृत्यूंची संख्या युद्धकैद्यांच्या कित्येक पटींनी अधिक असल्याचे सर्व अंदाज सांगतात. कामाची सक्ती व रोग दोघांनाही सारखेच होते. परंतु कैद्यांपाशी आपले वैद्य, आपले अधिकारी, गणतीचे रजिस्टर आणि आजाऱ्याचा वाटा राखणारे सोबती होते. मळ्यांतून ओढून आणलेल्या मजुराजवळ यांपैकी काहीच नव्हते. म्हणूनच त्याचे नावही बहुधा कोठे नोंदले गेले नाही. संघटना माणसाला कशी तारते, याचे याहून दारुण प्रमाण क्वचितच सापडेल.

इकडे पूर्व इंग्लंडात तीन शेजारी काउंट्यांच्या सात पलटणी एकाच दिवशी दिसेनाशा झाल्या होत्या. कित्येक कुटुंबांना आपला माणूस जिवंत आहे की नाही हे अनेक महिने कळले नाही. १९१५ मधील सँडरिंगहॅमचा अनुभव आता तीन काउंट्यांच्या गावागावांतून पुन्हा आला. डिव्हिजन त्या युद्धात पुन्हा उभारली गेली नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अठराव्या डिव्हिजनच्या पराभवाची कारणे तिच्या प्रादेशिक उगमात नाहीत. वाटेतच बदललेले उद्दिष्ट, माणसे व सामग्री यांची ताटातूट आणि तुकड्यातुकड्यांनी झालेला उपयोग, ही ती कारणे होत. नॉर्थंब्रियाची पन्नासावी डिव्हिजनही प्रादेशिक सेनेचीच होती. उत्तर आफ्रिका व सिसिली येथील अनुभव घेऊन ती ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पहिल्या लाटेत उतरली. या दोन डिव्हिजनींत अंतर पाडले ते वेळेने आणि वापराने.

दुसरी गोष्ट, स्थानिक बंधांवर उभारलेली सेना ही दुधारी व्यवस्था आहे. अॅडम रोडवर आणि लोहमार्गाच्या छावण्यांत त्याच बंधांनी माणसे उभी ठेवली. त्याच बंधांमुळे हानीचा भार संपूर्ण राष्ट्रावर न विभागता काही थोड्या गावांवर पडला. प्रादेशिक सेना ज्या ज्या देशाने स्वीकारली आहे त्याने हा हिशेब मांडला पाहिजे. भारतात ९ ऑक्टोबर १९४९ रोजी प्रादेशिक सेनेचे उद्घाटन झाले असल्याने हा प्रश्न आपल्याही अभ्यासकांना परका नाही.

तिसरी गोष्ट इतिहासलेखनाच्या पद्धतीविषयी आहे. सैन्यरचनेचे नाव नकाशावर दिसते म्हणून ती रचना प्रत्यक्षात अस्तित्वात होती, असे गृहीत धरता येत नाही. फेब्रुवारी १९४२ मधील सिंगापूरच्या नकाशांवर ‘अठरावी डिव्हिजन’ ही अक्षरे ठळकपणे छापलेली असतात. त्या अक्षरांखाली त्या दिवशी नेमके कोण, कोणाच्या हुकमतीखाली आणि कोणत्या शस्त्रांनिशी उभे होते, हे विचारल्यावाचून त्या माणसांविषयी निर्णय देणे न्याय्य नाही.